दमट हवेत चर्चच्या घंटांचा आवाज बसतो: जुन्या इलेक्ट्रॉनिक कॅरिलनची दुरुस्ती

तक्रार साधारण अशी असते. जूनच्या मध्यापर्यंत सगळं ठीक चालतं. जुलै-ऑगस्टात हवा चिकट झाली की मनोऱ्यातून येणारा घंटांचा आवाज बसायला लागतो. आधी तास वाजवणारी मोठी घंटा पोकळ वाटते, मग सुरावटीतले खालचे सूर पातळ होतात. एखाद्या पावसाळी सकाळी तर तापल्या कढईत पाण्याचे थेंब पडावेत तशी चरचर कर्ण्यांतून ऐकू येते. दुरुस्तीवाला येतो, दोन-चार व्हॉल्व्ह (आवाज वाढवणाऱ्या जुन्या काचेच्या नळ्या) बदलतो, बिल देऊन जातो. ऑक्टोबरात आवाज पूर्ववत होतो आणि सगळे खूश. पुढच्या जुलैत पुन्हा तेच.

अमेरिकेतल्या चर्चांमध्ये १९५० आणि १९६० च्या दशकांत बसवलेल्या अनेक व्हॉल्व्हच्या कॅरिलनना, म्हणजे घंटांचा आवाज विजेच्या मदतीने काढणाऱ्या यंत्रांना, हे दुखणं असतं. न्यू जर्सीतल्या ज्या चर्चचा संच मी सांभाळतो, त्यालाही होतं. व्हॉल्व्हचा त्यात बहुतेक वेळा काही दोष नसतो. ऑक्टोबरात चर्चचं हीटिंग सुरू होतं, हवा कोरडी होते, आणि आवाज आपोआप परत येतो. श्रेय मात्र नव्या व्हॉल्व्हला मिळतं. खात्री करायची असेल तर हिवाळ्यात जुने व्हॉल्व्ह परत लावून बघा. तेही उत्तम वाजतात.

यंत्र काय आहे

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खरं कॅरिलन म्हणजे सूर लावलेल्या, ओतीव काशाच्या किमान २३ घंटा आणि त्या वाजवायला एक कीबोर्ड. न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये अशा ७४ घंटा आहेत आणि त्यातली सर्वांत मोठी एकटीच साडेअठरा हजार किलोच्या आसपास भरते. एवढं वजन पेलणारा मनोरा गावोगावच्या चर्चना परवडणारा नव्हता. ही गरज ओळखून जॉर्ज शुल्मेरिक यांनी १९३५ साली पेनसिल्व्हेनियात कंपनी काढली. ती पुढे सेलर्सव्हिल या गावातून देशभर इलेक्ट्रॉनिक घंटा पुरवू लागली. पश्चिमेकडे कॅलिफोर्नियात मास-रो ही कंपनी त्याच धंद्यात होती. १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात कोका-कोलाच्या दालनावर ६१० घंटांचं इलेक्ट्रॉनिक कॅरिलन होतं. प्रदर्शन संपल्यावर ते जॉर्जियातल्या स्टोन माउंटनला नेण्यात आलं.

'६१० घंटा' म्हणजे प्रत्यक्षात धातूच्या बारीक दांड्या. कपाटात काशाच्या दांड्यांची रांग असते. प्रत्येक दांडी एका टोकाला घट्ट आवळलेली आणि दुसरं टोक मोकळं. सोलेनॉइडवर (वीज मिळताच खेचणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर) चालणारी छोटी हातोडी दांडीवर आपटते. कपाटाशी उभं राहिलं तर जेमतेम टिणटिण ऐकू येते. त्या कंपनांचं विजेत रूपांतर पिकअप करतो, मग तो सिग्नल आधी प्रीअँप आणि नंतर पॉवर अँप वाढवतो, आणि शेवटी मनोऱ्यातले कर्णे.

आवाज घंटेसारखा का वाटतो, हे कळलं तर पुढची दुरुस्ती सोपी जाते. नीट सूर लावलेल्या ओतीव घंटेत एकाच टोल्यात पाच सूर असतात: षड्ज, खाली एक सप्तक खर्ज, वर कोमल गंधार, पंचम आणि तार षड्ज. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेल्या पोर्तुगीज घंटा भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला आजही टांगलेल्या आहेत. त्यांतली एखादी वाजवून टोला विझेपर्यंत ऐकली असेल, तर कोमल गंधाराकडे झुकणारी ती छटा ओळखीची असेल. धातूच्या दांडीतले सूर इतके गुण्यागोविंदाने राहत नाहीत. एका टोकाला आवळलेल्या सरळ दांडीचा दुसरा सूर मूळ सुराच्या ६.२७ पट असतो आणि तिसरा साडेसतरा पट. म्हणून दांडीचा आकार, हातोडीची जागा आणि पिकअपची जागा जुळवून जुळवून घंटेचा आभास निर्माण केलेला असतो. पिकअप दांडीच्या लांबीवर कुठे आहे यावर कोणता सूर किती उचलला जाईल ते ठरतं. दुसऱ्या सुराचा स्थिर बिंदू मोकळ्या टोकापासून साधारण पाचव्या हिश्श्यावर येतो. पिकअप तिथे असेल तर तो सूर जवळजवळ गायब होतो. म्हणूनच पिकअप लांबीच्या दिशेने सरकवण्याच्या फंदात पडू नका. कारखान्यात बसलेल्या माणसाने कानाने जुळवलेली ती जागा एकदा हलली की पुन्हा सापडत नाही.

हवेतला ओलावा कुठे शिरतो

कासं चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे गिटारसारखा चुंबकीय पिकअप काशाच्या दांडीवर सरळ चालत नाही. अशा संचांत पिकअप म्हणजे दांडीजवळ, केसभर अंतरावर बसवलेली धातूची पट्टी. दांडी आणि पट्टी मिळून एक चिमुकला कंडेन्सर (विजेचा भार साठवणारा भाग) होतो. त्यावर एका मोठ्या रेझिस्टरमधून स्थिर दाब (व्होल्टेज) दिलेला असतो. आमच्या संचात तो अडीचशे व्होल्टच्या आसपास आहे. दांडी थरथरली की अंतर बदलतं, अंतर बदललं की दाब बदलतो. कंडेन्सर माइक नेमका असाच चालतो. पावसाळ्यात कोकणात किंवा गोव्यात उघड्यावर रेकॉर्डिंग केलेल्यांना असे माइक कधी कधी कसे कुरकुरतात ते माहीत असेल. तुमच्या संचात पट्टीऐवजी तारेचं वेटोळं आणि चुंबक दिसले, तर तो चुंबकीय पिकअप. त्याला दमट हवेचं एवढं वावडं नसतं. मग हा भाग सोडून खाली 'इतर दुखणी' बघा.

आता थोडा हिशोब. एका गटातले सगळे पिकअप आणि त्यांची केबल मिळून २०० पिकोफॅरड धरू, आणि दाब देणारा रेझिस्टर १० मेगओहम. या जोडीची खालची मर्यादा येते ८० हर्ट्झ. त्याच्या वरचे सूर नीट जातात, खालचे कापले जातात. पंधरा-वीस हजार रुपयांच्या मीटरलाही चकवणारी गोष्ट इथे सुरू होते. पट्टी ज्या बेकलाइटच्या किंवा फायबरच्या आधारावर बसवली आहे त्यावर साठ-सत्तर वर्षांची धूळ, मेणबत्तीची काजळी आणि सोल्डरचा जुना फ्लक्स साचलेला असतो. हवा दमट झाली की हा थर ओलावा धरतो आणि पट्टीपासून चासीपर्यंत (धातूच्या सांगाड्यापर्यंत) विजेला चोरवाट मिळते. समजा ती चोरवाट अडीच मेगओहमची झाली. मग पट्टीवरचा दाब अडीचशेचा पन्नासवर येतो आणि सिग्नल एक पंचमांश होतो, म्हणजे १४ डेसिबल घट. शिवाय दोन्ही रेझिस्टर समांतर आल्यामुळे खालची मर्यादा ८० वरून ४०० हर्ट्झवर चढते. मधला सी असतो २६२ हर्ट्झला, म्हणजे त्याच्या आसपासचे आणि खालचे सगळे सूर मार खातात. १३१ हर्ट्झच्या सुराची तर आणखी नऊ-दहा डेसिबल घट होते. प्रत्यक्षात प्रीअँपचा ग्रिड रेझिस्टरही (ग्रिड म्हणजे व्हॉल्व्हमध्ये सिग्नल शिरतो ते टोक) या गणितात येतो, पण कल्पना येण्यासाठी एवढं पुरे.

मोठी घंटा आधी का बसते याचं उत्तर या आकड्यांत आहे. त्यातच व्हॉल्व्ह आणि ओलावा यांतला फरकही आहे. व्हॉल्व्ह थकला तर सगळे सूर सारखेच क्षीण होतात, त्यांचा पोत फारसा बदलत नाही. ओलाव्याने गळती सुरू झाली तर खालचे सूर आधी आणि जास्त जातात, वरचे केवळ हळू होतात. आवाज कमी झाला म्हणून ऑर्गनवादक व्हॉल्यूम वाढवतो, आणि मग त्या ओल्या धुळीतल्या बारीक ठिणग्यांची चरचर मनोऱ्यातून गावभर जाते. चरचर हा मूळ रोग नाही, पण फोन मात्र तिच्यामुळेच येतात.

कपाट उघडण्यापूर्वी

या अँपमध्ये चारशे व्होल्टपेक्षा जास्त डीसी असतो आणि वीज बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सर तो धरून ठेवतात. प्लग काढा, मग दोन-एक किलोओहम, दहा वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड तारेला जोडून कंडेन्सर रिकामे करा आणि मीटरने शून्य झाल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची जुनी सवय इथे नको. जुन्या दोन पिनांच्या वायरीऐवजी अर्थिंगची तीन पिनांची वायर बसवा. मेन लाइन ते चासी असा कागदी कंडेन्सर दिसला तर तो काढून टाका. तो गळका झाला तर अख्ख्या चासीवर करंट येतो.

दुसरं, मनोऱ्याचे कर्णे सोडवून घ्या आणि त्यांच्या जागी डमी लोड (कर्ण्यांइतकाच भार देणारा मोठा रेझिस्टर) लावा. व्हॉल्व्हचा पॉवर अँप लोडशिवाय चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी पडून तो जळू शकतो, आणि तसा ट्रान्सफॉर्मर आज मिळणं कठीण. शिवाय मंगळवारी दुपारी दोन वाजता गावाला प्रेतयात्रेचे टोले ऐकवण्याचंही कारण नाही. चाचणी मॉनिटर स्पीकरवर करा. मॉनिटरवर खालचे सूर ठणठणीत ऐकू आले आणि मनोऱ्यात मात्र पातळ, तर दोष कर्ण्यांत किंवा त्यांच्या लाइनमध्ये आहे. मग कपाटाशी झटापट करायची गरजच नाही.

गळती शोधणं

सगळ्यात स्वस्त चाचणी हेअर ड्रायरची. दमट दिवशी, संच चालू असताना, पिकअपच्या पट्टीकडे कोमट हवा लांबून सोडा आणि दुसऱ्या कुणाला तरी खालचा एकच सूर सतत वाजवायला सांगा. काही मिनिटांत सूर भरत गेला तर रोग सापडला. गार झाल्यावर पुन्हा उतरला तर शंकाच उरत नाही. फार जवळून गरम हवा मारू नका. दांड्या तापल्या की सूर उतरतात आणि गाठीला एक नवीच काळजी पडते. कपाटात एक साधा आर्द्रतामापक ठेवून दिला तर आवाज कधी बसतो आणि आकडा किती असतो याचा मेळही आपोआप दिसतो.

मीटरने मोजायला गेलात तर एक सापळा आहे. नेहमीच्या डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगओहम असतो. १० मेगओहमच्या रेझिस्टरपलीकडे पट्टीवर मीटर लावला तर निरोगी संचातही २५० ऐवजी १२५ व्होल्ट दिसतात. हा आकडा पाहून पॉवर सप्लायच्या मागे लागणारे लोक असतात. सप्लाय मोजायचा तर रेझिस्टरच्या अलीकडे, सप्लायच्याच टोकावर मोजा. तिथे पूर्ण दाब असेल तर सप्लाय ठीक आहे.

गळती मोजायची तर प्लग काढून, पहिला व्हॉल्व्ह उपटून, दाब देणाऱ्या रेझिस्टरचं एक टोक आणि प्रीअँपकडे जाणाऱ्या कंडेन्सरचं एक टोक मोकळं करून, पट्टी आणि चासीमध्ये मेगर (जास्त व्होल्टवर इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावा. मेगर २५० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. पाचशेवर केसभर अंतराच्या पट्टीतून ठिणगी उडू शकते. मल्टिमीटरची ओहम रेंज इथे पुरत नाही, कारण ती एक-दोन व्होल्टवर मोजते आणि अशी ओली चोरवाट दाब चढल्यावरच उघडी पडते. निरोगी आधार शेकडो मेगओहम दाखवतो. शंभराच्या खाली आला की मी संशय घेतो. एकच आकडा वाईट आला तर गट अर्धा करा, त्याचा पुन्हा अर्धा, असं करत दोषी पट्टीपर्यंत पोचा. पिकअपपासून प्रीअँपपर्यंतची जुनी रबरी शील्ड केबल वेगळी मोजायला विसरू नका. रबर कडक होऊन चिरलेलं असेल तर अर्धी गळती तिथेच निघते.

स्वच्छता आणि उपाय

साफसफाईला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. औषधांच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यातलं उरलेलं जवळपास सगळं पाणीच असतं. आधी हातपंपाच्या हवेने किंवा व्हॅक्यूमने सुटी धूळ काढा, मग ब्रशने आधार, सोल्डरचे टाके आणि पट्टीच्या कडा पुसा, आणि साफ केलेल्या भागाला बोट लावू नका. बोटावरचं मीठ पुढच्या पावसाळ्याची तयारी करून ठेवतं. तेलकट कॉन्टॅक्ट क्लीनर, डब्ल्यूडी-४० वगैरे पिकअपच्या आसपासही नको. ते सुकल्यावर धूळ धरतं आणि दोन वर्षांत परिस्थिती पहिल्यापेक्षा वाईट होते.

फायबरचे आधार आतपर्यंत ओले होत असतील तर नुसत्या पुसण्याने भागत नाही. तिथे टेफ्लॉनचे किंवा सिरॅमिकचे आधार बसवावे लागतात, आणि उंची अगदी तंतोतंत तीच ठेवावी लागते, कारण पट्टी आणि दांडी यांतलं अंतर बदललं की त्या एकाच घंटेचा आवाज इतरांपेक्षा लहान-मोठा होतो. एकेक आधार बदलायचा, तो सूर शेजारच्या सुरांशी जुळवायचा, मगच पुढचा. कंटाळवाणं काम आहे, पण सगळे आधार एकदम काढले तर कोणती पट्टी किती अंतरावर होती याचा पत्ता लागत नाही.

दाब देणारा जुना कार्बनचा रेझिस्टर वयानुसार वर सरकतो. १० चा १६-१८ झालेला असतो. गळती नसताना त्याने फारसं बिघडत नाही. गळती असताना मात्र दाब आणखी पडतो. नवा मेटल फिल्म रेझिस्टर घाला. पट्टीवरचा डीसी अडवून सिग्नल ग्रिडकडे पाठवणारा कंडेन्सरही बदला, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन पुरतो. जुना मेणकागदी कंडेन्सर गळका असेल तर पहिल्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर डीसी पोचतो आणि घंटा फाटक्या आवाजात वाजते. ओलाव्याच्या जोडीला हे असलं की निदान चुकायला भरपूर वाव मिळतो.

आता कपाट कोरडं ठेवण्याचा मुद्दा. आमच्या चर्चच्या देखभालवहीत एक नोंद सापडली, आणि माझ्या मते ती सगळ्या व्हॉल्व्हच्या बिलांपेक्षा मोलाची होती. बसवल्यापासून संच चोवीस तास चालू असे. पुढे कधी तरी वीज वाचवण्यासाठी अँपवर टायमर लावला आणि रात्री तो बंद राहू लागला. उन्हाळ्यातल्या तक्रारींच्या नोंदी तिथून सुरू होतात. चालू व्हॉल्व्हची ऊब कपाट कोरडं ठेवत होती, ती गेली आणि रात्रीचा ओलावा आधारांवर बसू लागला. चोवीस तास व्हॉल्व्ह पेटवत ठेवणं आज मलाही पटत नाही. त्याऐवजी पियानोत ओलावा घालवायला बसवतात तशी कमी वॅटची तापकांडी कपाटाच्या तळाशी बसवा. १५ वॉटची कांडी महिनाभर अखंड चालली तरी ११ युनिटच्या आत खर्च होतो. कांडी सोलेनॉइडच्या वायरींपासून आणि दांड्यांपासून दूर, आणि कपाटाच्या वरच्या जाळ्या मोकळ्या असू द्या. सिलिका जेलच्या पुड्यांवर मात्र विसंबू नका. दार रोज उघडत असेल तर त्या आठवडाभरात भरतात आणि नंतर कुणी बदलत नाही.

आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिली की माझ्या अनुभवात तक्रार येत नाही. ऑक्टोबरात केलेली दुरुस्ती मात्र पुढच्या ऑगस्टपर्यंत तपासलेली धरू नका.

इतर दुखणी

गुणगुण: अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे फिल्टर कंडेन्सर थकले तर १२० हर्ट्झची भरड गुणगुण येते, आणि अर्थिंगचा किंवा फिलॅमेंटचा दोष असेल तर ६० ची मऊ. फोनवरच्या स्पेक्ट्रमच्या ॲपने दोन्ही सहज वेगळे दिसतात. भारतात हेच आकडे १०० आणि ५०. बरीच वर्षं बंद पडलेला संच थेट प्लगला लावू नका, वाटेत १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब मालिकेत घाला. तो लख्ख पेटून तसाच राहिला तर कुठे तरी शॉर्ट आहे.

पॉवर अँपचे व्हॉल्व्ह खरोखरच वारंवार जात असतील, तर त्यांच्या ग्रिडकडे येणारा कंडेन्सर संशयित धरा. ग्रिडवर अर्ध्या व्होल्टहून जास्त गळका डीसी दिसला तर तो बदला. व्हॉल्व्हची प्लेट लालभडक होताना दिसली तर अँप ताबडतोब बंद करा. व्हॉल्व्ह मिळतो, ट्रान्सफॉर्मर मिळत नाही.

हातोड्या हळू आपटतात: सोलेनॉइडला डीसी पुरवणारा सेलेनियम रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा जुना भाग) थकलेला असतो. त्याच्या जागी सिलिकॉन डायोड घातले की दाब एकदम वाढतो आणि हातोड्या दांडीला ठोसे मारू लागतात. टोल्यात ठक्क असा आवाज येतो. म्हणून डायोडबरोबर मालिकेत रेझिस्टर घालून मूळ दाब गाठा. सेलेनियम जळताना सडक्या लसणासारखा दर्प येतो आणि तो धूर विषारी असतो, तेव्हा खिडक्या उघडून खोलीबाहेर पडा.

एकच घंटा मुकी: हा दोष जवळजवळ नेहमी यांत्रिक. हातोडीचं फेल्ट कडक झालेलं असतं किंवा रबरी ठोकळा वितळून चिकट लगदा झालेला. हातोडी आपटून लगेच मागे यायला हवी. दांडीला चिकटून राहिली तर सूर जन्मायच्या आतच मरतो. बिजागरीला तेल देऊ नका, जुनं घट्ट झालेलं तेल अल्कोहोलने काढा. सूर उतरलेला आणि लवकर विझणारा असेल तर दांडीचा आवळस्क्रू ढिला आहे का ते बघा. दांडी घासून सूर लावायला जाऊ नका. टोक घासलं की सूर चढतो, बुंधा घासला की उतरतो, आणि गेलेला धातू परत येत नाही.

कीबोर्डचे काळे पडलेले चांदीचे संपर्क अल्कोहोलमध्ये भिजवलेला जाड कागद मधून ओढून साफ होतात. कानस, पॉलिश पेपर नको. सोलेनॉइडच्या ठिणग्या शमवायला डायोड लावाल तर हातोडी सुटायला वेळ लागतो आणि जलद सुरावटीत ती पुढच्या टोल्याला उशीर करते. डायोडच्या जोडीला मालिकेत एखादा रेझिस्टर टाकला की सुटका लवकर होते.

कर्णे: तोंडात गांधीलमाशांचं घर हे अमेरिकेतलं नेहमीचं कारण. बारीक जाळी बसवा. लाइन ७० व्होल्टची असेल तर ओहममीटरने काही कळत नाही, तो ट्रान्सफॉर्मरच्या तारेचाच रेझिस्टन्स दाखवतो. एक किलोहर्ट्झवर मोजणारा इम्पीडन्स मीटर लागतो.

घड्याळ: वेस्टमिन्स्टर (बिग बेनसारखी पाव-पाव तासाला वाजणारी सुरावट) चौदा मिनिटं उशिरा वाजली तर तो बिघाड नसतो, मध्ये कधी तरी वीज गेलेली असते. या सुरावटीत पाव तासाला चार सूर, अर्ध्या तासाला आठ, पाऊण तासाला बारा आणि तासाला सोळा असतात, मग तासाचे टोले. क्रम एका पायरीने चुकत असेल तर सुरावटीचा क्रम ठरवणारा पिनांचा ढोल हाताने पुढे सरकवून तासावर जुळवा. घड्याळ मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हातानेच पुढेमागे करावं लागतं, आणि ते कोण करणार हे आधी ठरवून ठेवा, कारण त्या दिवशी सकाळी प्रार्थनेला सगळे जमलेले असतात. भारतात असा संच नेण्याचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर नुसता १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर पुरत नाही. ६० हर्ट्झवर चालणारी सिंक्रोनस मोटर ५० वर तासाला दहा मिनिटं मागे पडते. तिला स्वतंत्र ६० हर्ट्झचा छोटा इन्व्हर्टर द्यावा लागतो.